बॅरिकेडवर नाव सराफाचे, हिशोब कोणाचा?

जिल्हा पोलिसांना रस्ता सुरक्षेसाठी पैसा कुठून मिळतो, दंडाची रक्कम कुठे जाते आणि कवठेमहांकाळसारख्या तालुक्यापर्यंत त्यातले काय पोहोचते?

नाकाबंदीचे लोखंडी बॅरिकेड आपण रोज पाहतो. वरच्या पट्टीवर पोलिसांचे नाव, मधे ‘सावकाश जा’ आणि खाली ठळक अक्षरांत एखाद्या सराफी पेढीचे, पतसंस्थेचे नाहीतर क्लासचे नाव. जाहिरात पोलिसांपेक्षा मोठी. आपल्याला त्याची इतकी सवय झाली आहे की प्रश्नही पडत नाही. पण पडायला हवा. राज्य सरकारच्या पोलिसांना, राज्याच्या रस्त्यावर, कायद्याने सांगितलेले काम करण्यासाठी लागणारी लोखंडी चौकट सराफाने का द्यावी?

बंदूक कोणी प्रायोजित करत नाही. कोठडीच्या दारावर कोणा बिल्डरचे नाव नसते. वाहतूक आली की मात्र ‘सौजन्य’ चालते. याचे कारण पैशाच्या वाटेत आहे.

रस्ता चौपदरी झाला, पण…

कवठेमहांकाळ तालुक्याच्या मधून रत्नागिरी-नागपूर महामार्ग जातो. कागदोपत्री हा १६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. मिरजेकडून येऊन शिरढोण, कवठेमहांकाळ, नागज असे करत तो सांगोल्याकडे, पुढे मंगळवेढा आणि सोलापूरला जातो. नागज फाट्यावर त्याला कराड-विट्याकडून येऊन जतमार्गे विजापूरला जाणारा गुहागर-विजापूर रस्ता छेदतो. म्हणजे कोकण, पश्चिम महाराष्ट्र, सोलापूर आणि कर्नाटक या चारही दिशांची वाहने एका तालुक्यात एकमेकांना भेटतात.

जुना रस्ता अरुंद होता, दोन्ही बाजूंना झाडे होती. चौपदरीकरण झाल्यावर मोटारींचा वेग वाढला. वाढला नाही तो शेतात जाणाऱ्या माणसाचा, दुधाची किटली घेऊन निघालेल्या दुचाकीचा आणि द्राक्षाच्या क्रेट भरलेल्या छोट्या टेम्पोचा वेग. दुभाजकातली फट एक-दीड किलोमीटर लांब असली की दुचाकीवाला उलट्या बाजूने येतो. तो चुकतो, हे खरे. पण त्याचे शेत आणि त्याचे घर यांच्या मधून रस्ता गेला तेव्हा त्याला कोणी विचारले नव्हते, हेही तितकेच खरे. याच महामार्गावर मिरज तालुक्यात भोसे गावाजवळचा जुना वड वाचवण्यासाठी २०२० मध्ये आराखडा बदलला गेला. लोकांनी आवाज उठवला, मंत्र्यांनी पत्रे लिहिली आणि रस्ता वळला. चांगलेच झाले. एका झाडासाठी रस्ता वळू शकतो, तर शाळेच्या पोरांसाठी भुयारी मार्ग का सरकू शकत नाही, एवढेच म्हणायचे आहे.

वेगाची किंमत कशी मोजली जाते, ते याच रस्त्याने दाखवले आहे. ३१ ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी, नागज ओलांडून सोलापूर जिल्ह्यात शिरल्यावर जुनोनीजवळ कार्तिकी वारीला निघालेल्या दिंडीत मोटार घुसली. करवीर तालुक्यातल्या जठारवाडीचे ते वारकरी होते. सात जण गेले. मुख्यमंत्र्यांनी मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाखांची मदत जाहीर केली. म्हणजे पस्तीस लाख रुपये. ही मदत द्यायलाच हवी होती, त्याबद्दल वाद नाही. पण अंधारात चमकणारे जाकीट बाजारात शे-दीडशे रुपयांत मिळते. पस्तीस लाखांत किती दिंड्यांना ती जाकिटे देता आली असती, याचा गुणाकार करायला फार गणित लागत नाही. अपघात झाल्यावर पैसा लगेच निघतो. तो होऊ नये म्हणून लागणारा पैसा मात्र देणगीदार शोधत फिरतो.

देशाचे चित्र वेगळे नाही. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यातली १५,२२४ महाराष्ट्रात. देशातल्या मृत्यूंपैकी सुमारे ६८ टक्के ग्रामीण भागातले होते. राष्ट्रीय महामार्ग हे एकूण रस्त्यांच्या लांबीत जेमतेम दोन टक्के, पण ३६ टक्के मृत्यू त्यांच्यावर झाले. म्हणजे धोका पुण्या-मुंबईच्या सिग्नलवर कमी आणि कवठेमहांकाळसारख्या तालुक्याच्या फाट्यावर जास्त आहे. वाहतूक पोलीस, कॅमेरे आणि टोइंग व्हॅन मात्र मुख्यत्वे शहरात असतात.

दंडाचा पैसा जातो कुठे?

पोलीस दंड करतात आणि त्यातूनच त्यांचे भागते, असा एक समज गावोगावी आहे. तो चुकीचा आहे. ई-चलानने भरलेली दंडाची रक्कम राज्याच्या तिजोरीत जमा होते. ती कवठेमहांकाळ पोलीस ठाण्याच्या खात्यावर येत नाही, सांगलीच्या पोलीस अधीक्षकांच्या खात्यावरही येत नाही. दंड करणाऱ्या हवालदाराला त्यातला एक रुपयाही मिळत नाही. त्याचा पगार, गाडीचे डिझेल, ठाण्याचे वीजबिल हे सगळे गृह विभागाच्या अंदाजपत्रकातून येते. सरकारी हिशोबात पोलिसांच्या खर्चाचे लेखाशीर्ष २०५५ आहे. दंड किती जमा झाला, यावर त्या खर्चाची रक्कम ठरत नाही. जमेची वही वेगळी, खर्चाची वही वेगळी.

दंडाचे दर ठरवण्याचा अधिकारही स्थानिक पोलिसांना नाही. केंद्राने २०१९ मध्ये मोटार वाहन कायदा कडक केला, तो बहुतांश देशात १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाला. महाराष्ट्राने मात्र वाढीव दंड लगेच स्वीकारला नाही. निवडणूक तोंडावर होती आणि लोकांचा रोष कोणाला नको होता. नवे दर डिसेंबर २०२१ मध्ये आले. केंद्राच्या कायद्यात हेल्मेट नसल्यास हजार रुपयांची तरतूद आहे, राज्याने तडजोडीची रक्कम पाचशे ठेवली. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला जागेवर पावती देऊन सोडता येत नाही, प्रकरण न्यायालयातच जाते. आणि एक कलम असे आहे, जे प्रत्येक आई-बापाने वाचून ठेवावे. ते म्हणजे १९९-अ. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. बारावीच्या क्लासला दुचाकीवर जाणारी किती पोरे अठराच्या आतली आहेत, हे क्लासच्या दारातल्या पार्किंगवरून कळते.

दंड आकारणे एक, वसूल होणे दुसरे. राज्यात ई-चलानची थकबाकी दोन हजार कोटींहून अधिक झाल्याचे आकडे वेळोवेळी प्रसिद्ध झाले आहेत. लोकअदालत आली की तडजोड होईल, म्हणून लोक थांबतात. मोबाइलवर आलेला संदेश वाचून तो पुसून टाकला की प्रकरण मिटले, असेही अनेकांना वाटते. वसूल न होणारा दंड हा फक्त महसुलाचा तोटा नसतो. पुढच्या वेळी पोलिसाने हात दाखवला तरी गाडी थांबत नाही, हा त्याचा खरा तोटा.

आता ‘टार्गेट’विषयी. महिनाअखेर आली की कारवाई वाढते, असे दुचाकीस्वार म्हणतात. लेखी टार्गेट असो वा नसो, आढावा बैठकीत विचारला जाणारा आकडा कोणता असतो, हे महत्त्वाचे. किती केसेस केल्या, किती दंड आकारला, हे विचारले जाते. नागज फाट्यावर गेल्या तिमाहीपेक्षा जखमी कमी झाले का, हे तितक्या आग्रहाने विचारले जात नाही. ज्या आकड्याची विचारणा होते, तोच वाढतो. मग हेल्मेट नसलेला नोकरदार सकाळी नऊला बसस्थानकाजवळ सापडतो, कारण तो सोपा असतो. रात्री अकराला मागचा दिवा नसलेली ट्रॉली सापडत नाही, कारण त्यासाठी रात्री अकराला तिथे उभे राहावे लागते.

मग गाड्या, कॅमेरे, बॅरिकेड?

पोलिसांची वाहने आणि गावातले सीसीटीव्ही यांचा मोठा भाग आता जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून येतो. ही समिती पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली असते. म्हणजे पोलीस अधीक्षकांनी प्रस्ताव द्यायचा, समितीने मंजूर करायचा आणि मग ध्वज दाखवून गाड्या रवाना करायच्या. छायाचित्र पहिल्या पानावर येते. त्या गाड्यांतल्या किती गाड्या वाहतुकीसाठी आणि किती बंदोबस्तासाठी वापरल्या जातात, हे छायाचित्रात दिसत नाही.

वेगमापक यंत्र आणि श्वासातली दारू मोजणारे यंत्र ही राज्य पातळीवरून मिळतात. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गतिरोधक पट्ट्या, सूचनाफलक, दुभाजकातली फट, सेवा रस्ता हे काहीही पोलिसांच्या हातात नाही. ते राष्ट्रीय महामार्गाच्या यंत्रणेचे किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचे काम. ठाण्याच्या निरीक्षकाला एखादा फाटा धोक्याचा वाटला, तर तो पत्र लिहू शकतो. उत्तर येईपर्यंत काय करायचे? बॅरिकेड लावायचे. आणि बॅरिकेडसाठी स्वतंत्र रक्कम हाताशी नसते, म्हणून तो गावातल्या पतसंस्थेच्या अध्यक्षांना फोन करतो. जाहिरातीचे बॅरिकेड इथून जन्माला येते. यात निरीक्षकाची लबाडी नाही. त्याची अडचण आहे, आणि त्या अडचणीतून त्याने काढलेली वाट आहे.

पण ही वाट घसरडी आहे. ज्याच्याकडून बॅरिकेड घेतले, त्याचीच ओव्हरलोड गाडी उद्या त्या बॅरिकेडपाशी आली तर? मुरूम-वाळूच्या डंपरचा मालक रस्ता सुरक्षा अभियानाच्या फलकावर ‘सौजन्य’ म्हणून झळकला तर? हवालदाराने गाडी अडवली की ठाण्यात फोन येतो, हे तालुक्याला नवीन नाही. देणगी घेतली की त्या फोनला वजन येते. या मतदारसंघाने आर. आर. पाटील यांच्या रूपाने राज्याला गृहमंत्री दिला. पोलीस खात्याचा फोन वरून खाली कसा जातो, हे इथल्या लोकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

ऊस हंगामात हा गुंता सगळ्यात स्पष्ट दिसतो. ऑक्टोबर संपता संपता बाहेरच्या कारखान्यांकडे उसाच्या ट्रॉल्या निघतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वाढे बाहेर आलेले, मागे दिवा नाही. रात्री टायर फुटला की ट्रॉली रस्त्यातच उभी राहते. चालक भोवती दगड मांडतो, दुरुस्ती झाली की निघून जातो. दगड तिथेच राहतात. पहाटे दुचाकीवर येणाऱ्याला तो दगड दिसत नाही. मागे रिफ्लेक्टर असणे हा केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार सक्तीचा भाग आहे, कोणाच्या उदारपणाचा नाही. तरीही दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला पोलीस आणि परिवहन अधिकारी कारखान्याच्या गव्हाणीजवळ जाऊन ट्रॉल्यांना लाल पट्ट्या चिकटवतात. फोटो निघतो, बातमी होते. पोलिसांनी स्वतः पट्टी चिकटवणे माणुसकीचे आहे, आणि अनेक जीव त्याने वाचतही असतील. पण ही जबाबदारी ट्रॉलीमालकाची आणि त्याच्याशी वाहतुकीचा करार करणाऱ्या कारखान्याची आहे. पट्टी आणि दिवा नसेल तर गव्हाणीत ट्रॉली घेणार नाही, असे कारखान्याने ठरवले तर आठवड्यात प्रश्न सुटेल. पोलिसाला मग रीळ घेऊन फिरावे लागणार नाही.

जानेवारीची सुरक्षा

रस्ता सुरक्षा सप्ताह १९८९ पासून साजरा होतो. २०२१ मध्ये त्याचा महिना झाला. शाळेत भाषण, चित्रकला स्पर्धा, हेल्मेट रॅली, वाहनचालकांची नेत्रतपासणी. यातली नेत्रतपासणी खरोखर उपयोगाची आहे, कारण वर्षानुवर्षे ट्रक चालवणाऱ्या किती जणांना दूरचे नीट दिसत नाही, हे पहिल्यांदा तिथेच कळते. हेल्मेट रॅलीचे मात्र नवल वाटते. रॅलीत सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, रॅली संपली की ते आरशाला अडकवलेले. देशात २०२२ मध्ये हेल्मेट न घातल्याने ५०,०२९ जणांचा जीव गेला. हा आकडा दरवर्षी भाषणात येतो आणि टाळ्या होतात.

प्रचार निरुपयोगी आहे, असे नाही. तो एकटा निरुपयोगी आहे. इथे अमेरिकेचे उदाहरण उपयोगी पडते. तिथल्या काउंटी म्हणजे ढोबळ मानाने आपले जिल्हे, आणि शेरीफ म्हणजे बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेला पोलीसप्रमुख. १९६६ च्या महामार्ग सुरक्षा कायद्यानुसार केंद्र सरकार राज्यांना रस्ता सुरक्षेसाठी अनुदान देते, त्यातला किमान ४० टक्के भाग स्थानिक संस्थांसाठी खर्चावा लागतो. शेरीफच्या कार्यालयाला त्यासाठी अर्ज करावा लागतो. आमच्या भागात अमुक रस्त्यावर, अमुक वेळेत इतके अपघात झाले, म्हणून तिथे इतक्या तासांची जादा गस्त हवी, असा तो अर्ज. पैसा मिळतो तो बहुधा कर्मचाऱ्यांच्या जादा तासांसाठी, आणि नंतर काय केले त्याचा अहवाल द्यावा लागतो. सीटबेल्टसाठी तिथे ‘क्लिक इट ऑर टिकट’ ही मोहीम १९९३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात सुरू झाली आणि देशभर पसरली. तिची युक्ती साधी आहे: टीव्हीवर जाहिरात आणि रस्त्यावर तपासणी, दोन्ही एकाच पंधरवड्यात. लोकांनी जाहिरात पाहायची आणि दुसऱ्याच दिवशी चौकात पोलीस दिसायचा. आपल्याकडे जानेवारीत गुलाबाचे फूल आणि मार्चअखेरीस पावती, अशी फारकत आहे.

तिथलेही सगळेच घेण्यासारखे नाही. मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन शहराच्या पोलिसांविषयी अमेरिकेच्या न्याय विभागाने मार्च २०१५ मध्ये अहवाल दिला. शहराच्या तिजोरीसाठी दंड वाढवा, असा दबाव पोलिसांवर होता आणि गरीब कृष्णवर्णीय वस्त्या त्यात भरडल्या गेल्या, असे त्यात सविस्तर मांडले आहे. म्हणून ‘दंडाचा पैसा थेट त्या ठाण्याला द्या, मग बघा कसे काम होते’ ही चहाच्या टपरीवरची सूचना धोक्याची आहे. ज्या दिवशी ठाण्याचे डिझेल पावतीपुस्तकावर अवलंबून राहील, त्या दिवशी पोलीस धोकादायक वळणावर उभा राहणार नाही. जिथे जास्त गाड्या अडवता येतात तिथे उभा राहील.

यातला मधला मार्ग आपल्याच देशात आहे. केरळने २००७ मध्ये रस्ता सुरक्षा प्राधिकरणाचा कायदा केला, दंडाच्या रकमेच्या निम्म्याइतका वाटा वेगळ्या निधीत जाईल अशी सोय केली. सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशात सगळ्याच राज्यांना सांगितले की दंडाच्या रकमेतून रस्ता सुरक्षा निधी उभा करा आणि तो याच कामाला वापरा. निधी राज्याच्या पातळीवर, खर्च अपघाताच्या आकड्यांनुसार. दंड करणारा आणि पैसा वाटणारा हात वेगळा राहतो, तरी पैसा रस्त्यावरच परततो. राज्य पातळीवरच्या त्या निधीतून एखाद्या तालुक्याच्या फाट्यापर्यंत नेमके किती उतरले, हे दरवर्षी जिल्हावार छापून का येऊ नये?

हवालदाराच्या मोबाइलमधला फॉर्म

या साऱ्या पैशाच्या खेळात ठाण्यातल्या पोलिसाच्या हातात एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जाते. ती म्हणजे अपघाताची नोंद. २०२१ पासून महाराष्ट्रात अपघात झाला की पोलीस जागेवरून मोबाइल अ‍ॅपमध्ये माहिती भरतात. ‘आयरॅड’ हे त्या प्रणालीचे सुरुवातीचे नाव, पुढे ‘ई-डार’ आले. अपघाताचे नेमके ठिकाण, वेळ, रस्त्याचे वळण, उजेड, वाहनाचा प्रकार, फोटो. ही माहिती बांधकाम विभाग, परिवहन आणि आरोग्य विभागाला दिसते. आयआयटी मद्रासने ती तयार केली आहे.

राष्ट्रीय महामार्गावर ‘ब्लॅक स्पॉट’ ठरवण्याची केंद्राची व्याख्या अशी: सुमारे पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा एकूण दहा मृत्यू. या व्याख्येत बसलेल्या जागेच्या दुरुस्तीला केंद्राचा पैसा मिळतो. उड्डाणपूल, भुयारी मार्ग, सेवा रस्ता ही कोट्यवधींची कामे तिथूनच सुरू होतात. आता विचार करा. रात्री दीड वाजता अपघात झाला. हवालदार दमलेला, पाऊस पडतोय, जमाव चिडलेला. त्याने ठिकाण ‘कवठेमहांकाळ हद्दीत’ एवढेच लिहिले, किंवा जागेवर न नोंदवता ठाण्यात येऊन नोंद केली आणि नकाशावरचा ठिपका ठाण्यावरच पडला, तर तो अपघात फाट्याच्या खात्यावर चढणारच नाही. पाचाचे चार होतात आणि फाटा ब्लॅक स्पॉट ठरत नाही. एका चुकीच्या ठिपक्याने गावाचा भुयारी मार्ग जातो.

व्याख्येलाही मर्यादा आहे. तीन वर्षांत चार अपघात आणि सहा मृत्यू झालेला फाटा कागदावर सुरक्षित ठरतो. त्या गावाला मग पाचव्या अपघाताची वाट पाहावी लागते, असे म्हणणे क्रूर वाटेल, पण नियमाचा अर्थ तोच निघतो. शिवाय ही व्याख्या राष्ट्रीय महामार्गाची. आतले रस्ते, कालव्याकडेचे रस्ते त्यात नाहीत. मे २०२४ मध्ये शेजारच्या तासगाव तालुक्यात चिंचणीजवळ ताकारी योजनेच्या कोरड्या कालव्यात मोटार कोसळून एकाच कुटुंबातले सहा जण गेले. ते कवठेमहांकाळ तालुक्यातला घरगुती कार्यक्रम आटोपून परतत होते. आता टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांचे कालवे या दुष्काळी पट्ट्यात सगळीकडे फिरले आहेत. पाणी आले, बागा उभ्या राहिल्या. कालव्याकडेच्या कठड्याचे पैसे कोणी द्यायचे, जलसंपदाने की बांधकामने, हा मात्र पोलिसांच्या पत्रव्यवहाराचा विषय राहिला.

कायद्यात आणखी एक कलम पडून आहे. १९८-अ. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्याने मृत्यू अथवा अपंगत्व आले, तर ठेकेदार किंवा संबंधित यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एक लाख ही रक्कम महामार्गाच्या ठेक्यापुढे चिल्लर आहे. तरी तपास करताना पोलिसांनी ‘चालकाचा निष्काळजीपणा’ लिहून फाइल बंद करण्याऐवजी रस्त्याकडेही बोट दाखवावे, यासाठी ते कलम पुरेसे आहे. ते वापरल्याच्या बातम्या आपण किती वाचल्या?

पहिला तास

पोलिसांच्या योजनांपैकी कमी पैशांत जास्त काम करू शकणारी योजना म्हणजे ‘मृत्युंजय दूत’. महामार्ग पोलिसांनी ती १ मार्च २०२१ रोजी सुरू केली. महामार्गाकडेच्या गावांतले तरुण, ढाबेवाले, पेट्रोल पंपावरची मुले यांना प्रथमोपचार शिकवायचा, स्ट्रेचर द्यायचे, जवळच्या दवाखान्याचे क्रमांक द्यायचे. पोलीस किंवा १०८ ची रुग्णवाहिका येण्याआधी घटनास्थळी पोहोचणारा माणूस हाच असतो. कवठेमहांकाळहून मिरजेचे शासकीय रुग्णालय पस्तीस-चाळीस किलोमीटरवर आहे, नागजच्या पुढून तर आणखी लांब. डोक्याला मार लागलेल्यासाठी हे अंतर फार मोठे. अशा वेळी मान कशी धरायची, रक्त कसे थांबवायचे हे माहीत असलेला ढाबेवाला हा शंभर फलकांहून मोलाचा. पण स्ट्रेचर फाटते, शिकलेला मुलगा पुण्याला नोकरीला जातो. प्रशिक्षण दरवर्षी द्यावे लागते आणि त्यासाठी लागणारी फुटकळ रक्कम कोणत्याच शीर्षाखाली सहज मिळत नाही.

मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती अजून गेलेली नाही. मोटार वाहन कायद्याच्या १३४-अ कलमाने त्याला संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याची सक्ती नाही, साक्षीदार होण्याची सक्ती नाही. उलट गंभीर जखमीला वेळेत रुग्णालयात नेणाऱ्याला केंद्राच्या ‘राहवीर’ योजनेत पंचवीस हजार रुपये मिळू शकतात. मे २०२५ पासून जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे विनारोकड उपचार देण्याची योजनाही लागू आहे. तिथेही पुन्हा पोलिसांची नोंद आडवी येते, कारण हा रस्ते अपघातच आहे याची खातरजमा पोलिसांकडून होते. म्हणजे तोच फॉर्म, तोच हवालदार, तोच मोबाइल. टोलनाक्यावरची रुग्णवाहिका आणि क्रेन यांचा क्रमांक १०३३ आहे. टोल भरतो त्यात ही सेवाही आली, म्हणून तो पाठ असावा.

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस, एक स्वयंसेवी संस्था आणि एका वाहन कंपनीचा सामाजिक निधी असे एकत्र आले. धोक्याच्या जागा शोधून कठडे बसवले, उभ्या ट्रकवर कारवाई झाली, रुग्णवाहिकेचा वेळ मोजला गेला. २०१९ पर्यंत मृत्यू ९२ वर आले, टाळेबंदीच्या २०२० मध्ये ६६. तिथेही खासगी पैसा होताच. पण त्या पैशाने आधी अभ्यास झाला, मग कठडा आला. बॅरिकेडवर नाव रंगवणे आणि हे, यात फरक आहे. देणगी घ्यायचीच असेल तर ती ठाण्याने न घेता जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने घ्यावी, पावती द्यावी, यादी जाहीर करावी, आणि ज्याची वाहने त्या रस्त्यावर धंद्यासाठी धावतात त्याच्याकडून घेऊ नये.

ही समिती कायद्याने आहे. जिल्हाधिकारी अध्यक्ष, पोलीस अधीक्षक, परिवहन, बांधकाम, महामार्ग आणि आरोग्य विभागाचे अधिकारी सदस्य. बैठका होतात, इतिवृत्त लिहिले जाते. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या कोणत्या फाट्याचा विषय कधी आला, कोणत्या विभागाने किती दिवसांत करतो म्हणून सांगितले आणि झाले का, हे त्या इतिवृत्तात असते. ते मागायला पुढारी लागत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे साधा अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मागील तीन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्ते आणि ब्लॅक स्पॉटची यादी द्यावी एवढी ओळ. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. ऊस हंगामाआधी अर्ज गेला, तर उत्तर येईपर्यंत ट्रॉल्या रस्त्यावर आलेल्या असतील आणि यादी हातात घेऊन फाट्यावर उभे राहता येईल.